दुसऱ्या प्रतीचा हक्क

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. बाजारपेठ बुडाली, माणसांनी माळ्यावर आणि गच्चीवर आसरा घेतला, काहींना प्राणासही मुकावे लागले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील हजारो ग्रंथांचा त्या दिवशी चिखल झाला. २६ जुलै २००५ च्या पुरातही या ग्रंथालयाने हेच भोगले होते. ग्रंथ गेले याची हळहळ महाराष्ट्रभर व्यक्त झाली आणि ती योग्यच होती.

परंतु त्याच दिवशी, त्याच शहरात, आणखी एक ग्रंथालय बुडाले. त्याची बातमी कोठे आली नाही, कारण ते ग्रंथालय एका संगणकात होते आणि त्याचा वाचक एकच होता. हा वाचक माझा जुना विद्यार्थी. जन्मापासून दृष्टी नाही. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी त्याने चांगल्या गुणांनी मिळविली, पुढे अध्यापनास लागला आणि कोकणातील आंबा-बागांवरील मजुरीच्या प्रश्नावर प्रबंधाचे काम करू लागला. संदर्भग्रंथ एकेक पान यंत्राखाली धरून, त्याचा मजकूर करून, चुका दुरुस्त करून त्याने आपल्या संगणकात साठविले होते. मजुरांच्या मुलाखती होत्या, प्रकरणांचे कच्चे खर्डे होते, वर्गात शिकविण्याची टिपणे होती.

त्याने निष्काळजीपणा केला होता असे कोणी समजू नये. मार्च २०२० च्या प्रारंभी, टाळेबंदीच्या काही दिवस आधी, त्याने बाहेरची एक हार्ड डिस्क विकत घेतली आणि आपोआप बॅकअप घेणारी एक संगणक-प्रणाली बसवून घेतली. बसविणाऱ्या तरुणाने पहिली प्रत त्याच्यासमोर करून दिली व सांगितले, ‘‘सर, आता दर रविवारी आपोआप होईल, तुम्ही बघायचीही गरज नाही.’’ महापुरात लॅपटॉप पाण्याखाली गेला. हार्ड डिस्क भिंतीतल्या उंच फडताळात होती, ती वाचली. आठवड्याभराने दुसऱ्या संगणकास ती जोडली तेव्हा कळले की, तिच्यात फक्त पहिल्या महिन्यातल्याच प्रती आहेत. पुढच्या पंधरा महिन्यांतली एकही फाइल नाही.

झाले होते ते असे. प्रणाली तीस दिवस मोफत चालणारी होती. मुदत संपल्यावर दर रविवारी ती पडद्यावर एक सूचना दाखवीत असे की, पैसे भरा, तोवर काम बंद आहे. ही सूचना चित्राच्या रूपात होती. चित्रातली अक्षरे डोळ्यांना दिसतात. संगणक बोलून दाखविणाऱ्या साधनास ती नसल्यासारखीच असतात. पंधरा महिने दर रविवारी यंत्र त्याला सांगत होते आणि तो ऐकू शकत नव्हता. टाळेबंदीच्या एकांतात वाचून तयार केलेली अकरा पुस्तके आणि प्रबंधाची तीन प्रकरणे अशा रीतीने गेली.

या घटनेत दोष कोणा एका विक्रेत्याचा वा निर्मात्याचा म्हणून सांगण्याचा माझा हेतू नाही. दोष पद्धतीचा आहे, आणि त्या पद्धतीकडे आपण समाजवाद्यांनी अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही, एवढेच मला या लेखात मांडावयाचे आहे.

यंत्र बोलते कसे?

अंध माणूस संगणक कसा वापरतो याविषयी सुशिक्षितांतही बरेच अज्ञान आहे. स्क्रीन रीडर नावाची एक प्रणाली संगणकात असते. पडद्यावर जे असेल ते ती आवाजात वाचून दाखविते किंवा बोटांखाली उमटणाऱ्या ब्रेलमध्ये देते. माऊसचे काम पडत नाही. सर्व काही कळफलकाने होते. जॉज ही अशी एक जुनी आणि महाग प्रणाली. ती घेणे आपल्याकडील सामान्य अंध विद्यार्थ्यास परवडण्यासारखे नव्हते. २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने एनव्हीडीए नावाची दुसरी प्रणाली लिहावयास घेतली. जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. ती त्यांनी सर्वांना विनामूल्य दिली, तिची घडणही सर्वांना खुली ठेवली. नफा न कमावणाऱ्या संस्थेमार्फत, देणग्यांवर आणि जगभरातील स्वयंसेवकांच्या श्रमावर ती आजही चालते. तिच्याबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज मराठीही बोलतो. उच्चार यांत्रिक आहे, पण कान सरावतो. महाराष्ट्रातील कितीतरी अंध विद्यार्थ्यांचे शिक्षण आज या फुकट मिळणाऱ्या आवाजावर चालले आहे.

परंतु स्क्रीन रीडर हा डोळा नव्हे. पडद्यावरचे चित्र तो पाहत नाही. प्रत्येक बटणाचे नाव काय, ते कोणत्या जातीचे, ते दाबलेले आहे की नाही, ही माहिती तो मूळ प्रणालीकडे मागतो. ती लिहिणाऱ्याने बटणास नाव दिलेले असेल तर ‘बॅकअप सुरू करा, बटण’ असे ऐकू येते. नाव दिलेले नसेल तर नुसते ‘बटण’, पुन्हा ‘बटण’, पुन्हा ‘बटण’. त्यांपैकी एक प्रत सुरू करणारे असते आणि एक कदाचित सर्व पुसून टाकणारे. काम कितपत झाले हे सरकणाऱ्या रंगीत पट्टीने दाखविले, यशाची खूण हिरवी आणि अपयशाची तांबडी ठेवली, म्हणजे अंधाच्या दृष्टीने यश आणि अपयश सारखेच मुके.

बॅकअपच्या बाबतीत हा मुकेपणा सर्वांत घातक ठरतो, आणि त्याचे कारण या कामाच्या स्वभावातच आहे. पत्र टंकलिखित करताना चूक झाली तर ती लागलीच कळते. बॅकअप झालेला नाही हे मात्र ज्या दिवशी त्याची गरज लागते त्या दिवशीच कळते. त्यातून मूळ डिस्क निकामी झाली की संगणक ज्या दुरुस्तीच्या पडद्यावरून सुरू करावा लागतो तेथे अनेकदा आवाजाची सोयच नसते. म्हणजे संकटाच्या ऐन घटकेला अंध माणसाचे यंत्र मौन धरते आणि त्याला शेजारच्या डोळस माणसास हाक मारावी लागते.

त्या फाइलीत काय असते?

डोळस वाचकाचे पुस्तक भिजले तर बहुधा दुसरी प्रत बाजारात मिळते. अंध वाचकाचे पुस्तक बहुधा त्याने वा त्याच्यासारख्याच कोणी घडविलेले असते. आपल्या लेखाधिकाराच्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींसाठी वाचनयोग्य प्रती करण्यास मुभा मिळाली. याच हेतूने २०१३ साली मराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला व २०१४ मध्ये तो संमत करणारा भारत हा पहिला देश ठरला. ही गोष्ट अभिमानाची आहे. पण कायद्याने प्रत करण्याची परवानगी दिली. प्रत करण्याचे श्रम अंध माणसाच्याच पदरी राहिले.

या श्रमांचा साधा हिशेब मांडून पाहावा. तीनशे पानांचे मराठी पुस्तक यंत्राखाली घालायचे, त्यातील मोडलेली जोडाक्षरे आणि गाळलेल्या वेलांट्या ऐकून ऐकून दुरुस्त करायच्या. पानामागे अवघी पाच मिनिटे धरली तरी एका पुस्तकास पंचवीस तास होतात. अकरा पुस्तकांचे पावणेतीनशे तास, म्हणजे आठ तासांचा एक दिवस धरला तर चौतीस दिवसांची मजुरी. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, त्या फाइली म्हणजे साठविलेले श्रम आहेत. शेतकऱ्याचे धान्य, मच्छीमाराचे जाळे, विणकराचा माग यांचे रक्षण व्हावे असे आपण म्हणतो, कारण त्यांत त्यांचे आयुष्य गुंतलेले असते. अंध विद्यार्थ्याच्या हार्ड डिस्कला हाच न्याय लावला पाहिजे.

साधी वाट

महापुरानंतर या विद्यार्थ्याने जी व्यवस्था केली ती येथे देतो. कोणाच्या उपयोगी पडेल. त्याने कोणतीही नवी, चकचकीत प्रणाली विकत घेतली नाही. विंडोजमध्ये २००७ पासून रोबोकॉपी नावाची एक आज्ञा मुळातच असते. तिला पडदा नाही, चित्र नाही, बटण नाही. काळ्या खिडकीत एक ओळ टंकायची : कोठून, कोठे आणि कशी प्रत करावयाची. काम झाल्यावर ती अक्षरांतच हिशेब देते, किती फाइली होत्या, किती उतरल्या, किती गाळल्या, किती फसल्या. हा हिशेब साध्या मजकुराच्या फाइलीत साठविता येतो आणि स्क्रीन रीडर तो ओळीओळीने वाचतो. ओळ एकदा लिहून ठेवली की ती ठरल्या वेळी आपोआप चालविण्याची सोयही विंडोजमध्ये आहे. गंमत अशी की, जी वाट तज्ज्ञांची आणि अवघड म्हणून सामान्य डोळस माणसास दाखवीतही नाहीत, तीच अंधास सर्वांत मोकळी ठरली. कारण ती शब्दांची वाट आहे.

त्यात एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. या आज्ञेला हुबेहूब आरशासारखी प्रत ठेवावयास सांगितले तर मूळ ठिकाणी चुकून पुसलेली फाइल प्रतीतूनही पुसली जाते. म्हणून त्याने तो प्रकार टाळला. तो दर महिन्याला नवा फोल्डर करतो आणि जुना तीन महिने मोडीत काढीत नाही. जाणकार सांगतात तो नियम त्याने पाळला आहे : एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या गावी असावी. त्याची तिसरी प्रत रत्नागिरीस टेकडीवर राहणाऱ्या बहिणीकडे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, महिन्यातून एकदा तो प्रतीतली कोणतीही एक फाइल उघडून तिचा एक परिच्छेद ऐकतो. उघडून पाहिल्याखेरीज प्रतीवर विश्वास ठेवू नये, हा धडा त्याला फार महाग पडला.

पण एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. हा विद्यार्थी उच्चशिक्षित आहे. इंग्रजी आज्ञा शिकून घेण्याची चिकाटी त्याच्यापाशी आहे. आमच्याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील घराडी येथे स्नेहज्योती हे अंध मुलांचे निवासी विद्यालय आहे. अशा शाळांतून उद्या बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाने आपले साठविलेले श्रम राखण्यासाठी आधी संगणकतज्ज्ञ व्हावे, अशी अट घालणे न्यायाचे होईल काय? डोळस माणसाला दोन बटणे दाबून जे साधते ते अंधालाही दोन बटणांत साधले पाहिजे. विशेष सवलत कोणी मागत नाही. मागणी बटणांना नावे द्या एवढीच आहे.

तीन आक्षेप

या मागणीवर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला आक्षेप सद्हेतूने येतो : घरात, शेजारी कोणीतरी डोळस असतेच, त्याने एवढे करून दिले तर काय बिघडले? बिघडते ते असे. त्या फाइलींत बँकेचे कागद असतात, खाजगी पत्रे असतात, वैद्यकीय तपासण्या असतात. मतदानयंत्रावर ब्रेलचे आकडे का कोरले आहेत? अंध मतदारास सोबती नेता येतोच. तरीही आपले मत दुसऱ्यास न कळू देण्याचा हक्क त्याला असावा म्हणून. जो हक्क मतदानात मान्य केला तो स्वतःच्या कागदपत्रांत का नाकारावा? शिवाय मदत ही मदत करणाऱ्याच्या सवडीने मिळते. दर रविवारी कोणाची सवड मागत बसणे म्हणजे काय, हे ज्याने मागितली आहे त्यालाच ठाऊक.

दुसरा आक्षेप आधुनिकांचा : आता सर्व काही इंटरनेटवरच्या दूरच्या साठवणीत ठेवावे, हार्ड डिस्कचा खटाटोप हवा कशाला? ही साठवण उपयोगी आहे, तिसरी प्रत म्हणून ती अवश्य असावी. पण ती भाड्याची जागा आहे. भाडे थकले की दार बंद. तिच्या दारावर अनेकदा वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याचे कोडे असते, ते अंधाला सोडविता येत नाही. पुष्कळांच्या बाबतीत ही साठवण म्हणजे नुसती जुळवाजुळव असते. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते, आणि काही दिवसांनी परत मिळण्याची मुदतही संपते. शिवाय कोकणाचा अनुभव निराळा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडच्या गावागावांतील विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक दिवस वीज नव्हती, संपर्क नव्हता. ज्याची सारी विद्या दूरच्या यंत्रात होती त्याला त्या दिवसांत एक ओळही वाचता आली नसती.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातला आहे आणि म्हणून त्याचा विचार अधिक गांभीर्याने केला पाहिजे. रस्ते नाहीत, पाणी नाही, तरुणांना काम नाही. अशा देशात हा प्रश्न चैनीचा नव्हे काय? २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे ५० लाख दृष्टिबाधित. त्यांतल्या बहुसंख्यांपाशी संगणक नाही हे खरे आहे. परंतु काम हा प्रश्न आपण मुख्य मानतो, तर नेमका तोच येथे गुंतलेला आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा तीनवरून चार टक्क्यांवर नेल्या. त्यांतला एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींचा आहे. जागा राखली, उमेदवार निवडला, खुर्चीवर बसविला. आणि त्याच्या पुढ्यातली प्रणाली मात्र त्याच्याशी बोलत नाही. फाइल उतरविता येत नाही, जतन करता येत नाही, वरिष्ठांकडे धाडता येत नाही. वर्षभराने शेरा पडतो की, यांना काम जमत नाही. राखीव जागेचा हक्क अशा रीतीने बटणाच्या नावापाशी येऊन अडतो.

बाजार हे करणार नाही

हे आपोआप का घडत नाही? याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. बाजार गरज मोजत नाही, गरजेमागची क्रयशक्ती मोजतो. अंध ग्राहक संख्येने थोडे आणि बहुतांशी गरीब. तेव्हा त्यांच्यासाठी चार दिवस अधिक काम करणे निर्मात्यास फायद्याचे वाटत नाही. वस्तुतः हा खर्च फार मोठा नसतो. घर बांधतानाच उंबऱ्याशी उतार ठेवला तर त्याला किती लागते? घर उभे राहिल्यावर जोते फोडून तो करावयाचा तर मात्र लागते. प्रणाली लिहिताना बटणास नाव देणे हे मिनिटाचे काम आहे. लाखो लोकांच्या हाती गेल्यावर तीच दुरुस्ती डोईजड होते. एकदा खर्च केला की पुढच्या प्रत्येक प्रतीस तो जवळजवळ शून्य पडतो, आणि त्याचा लाभ वृद्धांना, मोतीबिंदू झालेल्यांना, हात कापणाऱ्यांना, सर्वांनाच होतो. अशा लाभाची किंमत बाजारात वसूल होत नाही. म्हणूनच तो समाजाने, म्हणजे शासनाने, घडवून आणावा लागतो.

त्याचे साधनही शासनाच्या हाती आहे : खरेदी. भांडवलशाहीचा बालेकिल्ला म्हणविणाऱ्या अमेरिकेने १९९८ साली आपल्या पुनर्वसन कायद्याच्या ५०८व्या कलमात दुरुस्ती केली आणि केंद्रीय शासनाची कार्यालये अपंगांना वापरता येईल असेच संगणक-साहित्य घेतील असे बंधन घातले. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातल्यावर मोठमोठ्या कंपन्यांना बटणांना नावे देण्याची बुद्धी झाली. परोपकाराची भाषणे ऐकून ती झाली नव्हती.

आपल्याकडे कायदा आहे. २०१६ च्या कायद्याचे ४२वे कलम माहिती व संपर्क-साधने अपंगांना सुगम असावीत असे सांगते. आयएस १७८०२ हे भारतीय मानक तयार झाले आणि २०२३ मध्ये ते नियमांत आले. पण अंमलबजावणी? राजीव रतुरी या अंध नागरिकाने २००५ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल झाला. सुगमतेचे नियम केवळ शिफारसवजा ठेवणारा पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे असे न्यायालयाने ठरविले आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्यास सरकारला सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी, आम्लहल्ल्यातील पीडित आणि अमर जैन हे अंध वकील यांच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने सांगितले. न्यायालयाने दार उघडले आहे. आत जाण्याचे काम चळवळीचे आहे आणि तेथे आपण कोठे आहोत?

आपले घर

समाजवादी चळवळीने यंत्राकडे नेहमी संशयाने पाहिले असा आरोप होतो. तो अर्धाच खरा आहे. राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या कारकीर्दीत, आणि रेल्वे आरक्षणाच्या संगणकीकरणाची पावलेही त्याच काळात पडली. या दोन गोष्टींत विसंगती नव्हती. यंत्र यावे, पण त्याचे सुख दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशास मिळावे, ही ती दृष्टी होती. बाकावरची गादी ही कोणा दयाळू माणसाची देणगी नव्हती. तिकिटाच्या पैशातच तो हक्क होता. संगणकाच्या बाबतीत आज अंध नागरिक लाकडी बाकावर बसलेला आहे.

आणि आपण स्वतः काय करतो? चळवळीची जुनी साप्ताहिके, अहवाल, ठराव, पुस्तिका यांचे जतन व्हावे म्हणून आपण त्यांची छायाचित्रे काढून संगणकात ठेवितो आणि समाधान मानतो. पण ती छायाचित्रे आहेत, मजकूर नाही. स्क्रीन रीडरला त्यांत कोरा कागद दिसतो. गेल्या दोन-तीन दशकांतले पुष्कळ लेखन जुन्या मुद्रणातील खास फॉन्टमध्ये अडकले आहे; पडद्यावर ते मराठी दिसते, पण स्क्रीन रीडर ते वाचू लागला की इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग ऐकू येते. पालगडच्या साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या मंदिराची दारे सर्वांना उघडावीत म्हणून प्राण पणाला लावले. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांच्या स्वतःच्या दप्तराची दारे अंध वाचकास बंद असावीत, ही शरमेची गोष्ट आहे. ज्या प्रतीतले एकही अक्षर त्याला ऐकू येत नाही, ती त्याच्या लेखी जतन झालेली नाही.

तेव्हा काय करावे? पहिली गोष्ट, राज्य शासन, विद्यापीठे, जिल्हा परिषदा व सहकारी बँका यांनी कोणतीही संगणक-प्रणाली घेण्यापूर्वी ती स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीकडून, तिला योग्य मानधन देऊन, तपासून घ्यावी आणि तिचा शेरा खरेदीच्या कागदांना जोडावा, यासाठी आग्रह धरावा. तपासणीत फाइल जतन करणे, तिची प्रत घेणे आणि ती प्रत परत मिळविणे ही तीन कामे असलीच पाहिजेत. दुसरी गोष्ट, खुल्या आणि मोफत बॅकअप-प्रणाली पुष्कळ आहेत. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प करतात आणि ते कपाटात जातात. त्यांतल्या काहींनी या प्रणालींच्या बटणांना नावे द्यावीत, त्यांच्या सूचना मराठीत आणाव्यात, यश-अपयश आवाजात सांगण्याची सोय करावी. सहकाराचा जन्म आपल्या राज्यात साखरेपुरता झालेला नाही. तिसरी गोष्ट, सार्वजनिक ग्रंथालयांनी हे काम अंगावर घ्यावे. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून उभे आहे. अशा प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात एक बोलता संगणक असावा, आणि अंध सभासदास आपल्या फाइलींची एक प्रत कुलपात, स्वतःच्या परवलीच्या शब्दाखाली, उंचावरच्या मजल्यावर ठेवण्याची सोय असावी. ग्रंथालय दुसऱ्यांचे ग्रंथ सांभाळते, मग सभासदाने स्वतः घडविलेले ग्रंथ का सांभाळू नयेत? आणि चौथी गोष्ट, आपल्या संस्थांनी यापुढे जे छापावे ते युनिकोड मजकुराच्या रूपातही ठेवावे व जुन्या छायाचित्रांचा मजकूर करण्याचे काम थोडे थोडे हाती घ्यावे. याला निधीपेक्षा नेटाची गरज अधिक आहे.

माझ्या विद्यार्थ्याचा प्रबंध लांबला. गेलेली तीन प्रकरणे त्याने आठवून पुन्हा लिहिली. मुलाखती मात्र पुन्हा मिळाल्या नाहीत, कारण त्यांतले दोन वृद्ध मजूर आता हयात नाहीत. त्यांचे आवाज त्या लॅपटॉपबरोबर गेले. दर रविवारी रात्री तो प्रतीचा हिशेब ऐकतो, आणि फसलेल्या फाइलींपुढे शून्य हा आकडा ऐकू आल्याखेरीज झोपत नाही.

कोकणात मे अखेरीस माणसे कौले चाळतात, गवताची गंजी झाकतात, लाकूडफाटा आत घेतात. येत्या पावसाळ्यापूर्वी या साप्ताहिकाच्या वाचकांनी एक काम अवश्य करावे. आपल्या ओळखीत संगणक वापरणारी एक तरी अंध व्यक्ती असेल. तिच्याकडे जावे आणि विचारावे की, तुमची दुसरी प्रत कोठे आहे आणि ती झाल्याचे तुम्हाला कोणाला न विचारता कळते काय? उत्तर नकारार्थी आले तर ते लिहून घ्यावे, आणि अशी उत्तरे गोळा करून जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यावीत. मोर्चे यापेक्षा लहान कारणांसाठीही निघालेले आहेत.